मेथी घेणारे साहेब

जागरूक नागरिक हा समाजाचा तिसरा डोळा असतो आणि तो डोळा कधीही मिटत नाही!

हे वाक्य जयवंतरावांच्या पाठीवर छापलेलं होतं. टी-शर्ट मीडियम सांगितला होता, आला डबल एक्सएल. तो पँटमध्ये खोचला की वाक्यातला शेवटचा 'नाही' पट्ट्याच्या आत जायचा, आणि मागून येणाऱ्याला उरलेल्यावर समाधान मानावं लागायचं.

जयवंतराव नायगाव पूर्वेला, खाडीच्या अंगाला उभ्या राहिलेल्या टॉवरांपैकी एकात नवव्या मजल्यावर राहायचे. मुंबईतल्या एका विमा कंपनीत, अपघाताचे दावे तपासायच्या विभागात त्यांची चोवीस वर्षं गेली होती. समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच फाईल उघडायची, ही तिथली शिस्त. 'साक्षीदार आहे का?' हा प्रश्न त्यांनी इतक्या लोकांना विचारला होता की तो झोपेतही त्यांच्या तोंडून निघायचा. ही शिस्त त्यांनी घरीही आणली होती. कुणी पेढे घेऊन आलं तर ते कशाचे हे आधी विचारायचं, मग खोक्यावरची तारीख बघायची, आणि मग हात पुढे करायचा.

अशा माणसाच्या हातात एका गुरुवारी पत्र पडलं. संकुलातल्या 'जागरूक नागरिक पथका'च्या अकरा स्वयंसेवकांना पोलीस प्रबोधिनीनं एक दिवसासाठी बोलावलं होतं. नव्यानं भरती झालेल्या प्रशिक्षणार्थींशी संवाद, प्रात्यक्षिकं, दुपारचं जेवण. नेण्याआणण्याची सोय प्रबोधिनीकडून.

"पोलीस आणि फुकट जेवण?" जयवंतराव म्हणाले. "आशा, यात काहीतरी आहे."

"असेल की. वरण-भात असेल," आशालताबाई म्हणाल्या.

"चेष्टा नको. नेमकं आत्ताच का बोलावलं? एकोणीस दिवसांनी?"

आशालताबाईंचा कणीक मळता हात थांबला. एकोणीस दिवसांचा विषय घरात उघडपणे पहिल्यांदाच निघाला होता.

एकोणीस दिवसांपूर्वी सकाळी पावणेसातला जयवंतराव गेटबाहेर भागूबाईकडून मेथी घेत होते. भागूबाई सांडोरची. वाडीतली भाजी, अळू, केळीची पानं घेऊन रोज टेम्पोनं यायची आणि गेटच्या उजव्या हाताला बसायची. तिच्या जुड्या रबरानं नाही, केळीच्या सोपटानं बांधलेल्या असायच्या. "घ्या साहेब, कोवली हाय. पानी मारलेली नाय," ती म्हणाली. जयवंतरावांनी तरीही जुडी झटकून पाहिली. तेवढ्यात उलट्या बाजूनं एक पांढरी गाडी आली. भागूबाई, टोपली आणि अळूची पानं तीन दिशांना गेली. गाडी थांबली. काच खाली झाली. आतल्या माणसानं मागे वळून पाहिलं, काच वर केली आणि तो निघून गेला.

नंबरातले शेवटचे चार आकडे होते एक-नऊ-सात-एक. जयवंतरावांचा जन्म एकोणीसशे एकाहत्तरचा. विसरायची सोयच नव्हती.

लोक जमले. कुणीतरी रिक्षा थांबवली. जयवंतराव मेथी घेऊन वर आले. "तुम्ही काही पाहिलं नाही," आशालताबाई दारातच म्हणाल्या. "पाहिलंत, तर जन्मभर कोर्टाच्या खेपा." दुपारी मेथीची भाजी झाली. दोघांनी ती खाल्ली. त्यानंतर त्या घरात मेथी आली नाही.

भागूबाईच्या मांडीचं हाड मोडलं. पोलिसांनी संशयावरून शोधलेल्या एका पांढऱ्या गाडीच्या मालकानं सांगितलं की त्या सकाळी गाडी गॅरेजात होती. गेटवरचा कॅमेरा काही कामाचा नव्हता. दोन सभासदांत एका ओरखड्यावरून भांडण झालं तेव्हापासून त्याचं तोंड पार्किंगकडे फिरवलेलं होतं. वॉचमन पाण्याची मोटर चालू करायला गेला होता. पोलीस येऊन विचारून गेले, बाईकडून मेथी घेणारे एक साहेब तिथे उभे होते, ते कोण? चौऱ्याऐंशी फ्लॅटांमधून एकच उत्तर आलं. आमच्याकडे मेथी खात नाहीत.

"जाळं आहे हे," जयवंतराव आवाज खाली आणून म्हणाले. "अकरा जणांना जमवायचं, गोड बोलायचं, जेवू घालायचं, आणि पानात मेथी वाढून बघायचं, कोणाचा हात थांबतो."

"मग सांगून टाका ना एकदाचं."

"तूच म्हणालीस ना, काही पाहिलं नाही म्हणून?"

"म्हणाले होते. एकोणीस दिवस तुम्ही माझं ऐकताय, हे नवीनच. एरवी मी सांगितलं म्हणून पंखासुद्धा कमी करत नाही."

न जावं तर आणखी संशय. म्हणून जयवंतराव गेले.

शनिवारी सकाळी गाडी आली. निळी, खिडक्यांना जाळ्या. त्या जाळ्यांमागे अकरा जागरूक नागरिक ओळीनं बसले तेव्हा संकुलातल्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "भूपेशभाऊ, जामिनाला कोणाला पाठवू?" पथकाचा अध्यक्ष भूपेश मंत्र्यासारखा हात हलवत राहिला. आदल्या रात्री त्यानं ग्रुपवर 'उद्या इतिहास घडणार' असा मेसेज टाकला होता.

प्रबोधिनी महामार्गाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. दारात निधी नावाची एक प्रशिक्षणार्थी उभी होती. तिनं प्रत्येकाला गुलाब दिला आणि रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, पत्ता, मोबाईल. गुलाब कशाला देतात ते जयवंतरावांच्या आता ध्यानात आलं! त्यांनी मोबाईल नंबरातला शेवटचा आकडा मुद्दाम चुकीचा लिहिला आणि गुलाब खिशात ठेवला.

कवायत झाली. मग श्वान पथकाचा कुत्रा सगळ्यांना हुंगत हुंगत आला आणि जयवंतरावांपाशी येऊन बसला. एकवीस दिवसांपूर्वीच्या मेथीचा वास अजून येतो की काय, अशी शंका त्यांना खरोखर आली. कुत्र्याला त्यांच्या खिशातला बिस्किटाचा पुडा हवा होता.

अकराला वर्गाबाहेरच्या पडवीत चहा आला. तो कँटीनचा आग्नेल घेऊन आला. पन्नाशीचा, वाळकासा, बोलणं कमी. प्रत्येकाला कप देऊन तो बाजूला ट्रे धरून उभा राहिला. पाच मिनिटांत भूपेश ओरडला.

"माझी बॅग! काळी बॅग! इथे बाकावर होती. आत मानचिन्ह आहे हो, साहेबांना द्यायचं!"

पोलीस प्रबोधिनीत चोरी! अकरा कप एकदम खाली ठेवले गेले. आणि दहा माना एकदम आग्नेलकडे वळल्या.

"हा केव्हाचा इथेच घुटमळतोय."

"ट्रेखाली काहीतरी धरलं होतं यानं. मला तेव्हाच वाटलं."

"डोळे बघा ना. वर बघतोय का तो?"

"मी तर उचलतानाच पाहिलं," भूपेश म्हणाला. त्या वेळी तो बाकाकडे पाठ करून सेल्फी काढत होता, पण ते असो.

आग्नेल एवढंच म्हणाला, "मी नाय घेतली, साहेब. मी कप भरत होतो."

अकरावी मान वळली नव्हती, कारण जयवंतरावांनी सगळं पाहिलं होतं. गुलाब देणारी ती निधी शांतपणे आली, तिनं बॅग उचलली, पाच पावलं चालली आणि पाण्याच्या कूलरमागे ठेवून परत आली. वाटलंच होतं, ते मनात म्हणाले. पोलीसच चोर! आणि पुढच्याच क्षणाला दुसरा विचार आला. आपल्याला काय करायचंय?

निधीच वही घेऊन समोर उभी राहिली. "सर, तुम्ही काय पाहिलंत?"

"मी साखर ढवळत होतो. काही पाहिलं नाही."

"चहात साखर आधीच होती, सर."

"मग नुसताच ढवळत होतो."

तिनं ते लिहून घेतलं. आग्नेल ट्रे छातीशी धरून जयवंतरावांकडे बघत होता. मघाशी, बॅग उचलली गेली तेव्हा, ते दोघंच त्या दिशेला तोंड करून उभे होते. जयवंतरावांनी कपात बघितलं. ढवळायला चहाही उरला नव्हता.

मग वर्गात बसून प्रशिक्षणार्थींनी पंचनामा लिहिला, चार पानी. पंच म्हणून अकराही पाहुण्यांनी सह्या करायच्या होत्या. तिथे शिकवणारे सहायक फौजदार दिनानाथ, पांढऱ्या मिशांचे, आवाज न चढवणारे गृहस्थ, म्हणाले, "वाचून सही करा हं. घाई नाही."

"साहेब, तुमच्यावर विश्वास आहे आमचा," भूपेश म्हणाला. "जेवण गरम आहे म्हणे?"

दोन पेनं फिरली. अकरा सह्या झाल्या. भूपेशनं पथकाचा शिक्काही मारला. तो त्याच्या खिशात कायम असायचा. गोळीच्या पाकिटामागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचणाऱ्या जयवंतरावांनीही सही ठोकली. त्यांना फक्त हे लवकर संपायला हवं होतं.

दिनानाथांनी चष्मा लावला आणि शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. "'येणेप्रमाणे आम्ही खालील सह्या करणार पंच लिहून देतो की, सदर काळ्या रंगाची बॅग आम्ही अकरा जणांनीच संगनमतानं लंपास केली असून, आमच्यावर योग्य ती कारवाई झाल्यास आमची काहीएक हरकत नाही.'" त्यांनी पान उलटून दाखवलं. "शिक्काही आहे."

बाहेर पडवीत आग्नेल कप विसळत होता.

निधीनं कूलरमागून बॅग आणून टेबलावर ठेवली. भूपेश हसला. एकटाच हसतोय हे लक्षात आल्यावर थांबला.

"हसा, हसा. नाटकच होतं," दिनानाथ म्हणाले. "पण एक सांगतो. आतापर्यंत बाहेरचे पाहुणे चौदा वेळा आले. मास्तर आले, बँकवाले आले, एकदा वकीलही आले. चौदाही वेळा चोर कोण ठरला? आग्नेल. आम्ही त्याला आधी सांगून ठेवतो, त्याच्या मर्जीनं उभा राहतो तो. तरी दर वेळी त्याचा चेहरा पडतो. मी एकदा विचारलं, अरे, तुला माहीत आहे ना नाटक आहे? तर म्हणाला, नाटक तुमचं, साहेब. लोक बघतात ते तर खरंच ना."

जयवंतरावांना हे सगळं आपल्यासाठीच रचलंय याची आता खात्री पटली होती. ते चिडून उठले.

"साहेब, लोक पुढे का येत नाहीत तेही सांगा ना! साक्ष द्यायला गेलेल्या माणसाला तुम्ही दिवसभर बाकावर बसवता. चोराला चहा मिळतो, साक्षीदाराला कोणी पाणी विचारत नाही. मग तारखा. सहा सहा वर्षं! कशाला येईल कोणी?"

दहा जणांनी टाळ्या वाजवल्या. भूपेशनं सर्वांत जोरात.

"खरं आहे," दिनानाथ म्हणाले.

टाळ्या थांबल्या. हे उत्तर कुणाला अपेक्षित नव्हतं.

"मी स्वतः बसवलंय लोकांना. तीस वर्षं ठाण्यांत काढलीत, खोटं कशाला बोलू? आमचं चुकतं, म्हणून तर ही नवी पोरं इथे शिकतायत. आता तुमचं ऐका. तुम्ही येत नाही, मग पंच कुठून आणायचा? ठाण्याबाहेरचा टपरीवाला धरतो. तोच दर वेळी. कोर्टात वकील त्याला विचारतो, काय रे, तू पोलिसांचा जावई का? की केस गेली. मग तुम्हीच पेपरात वाचता, आरोपी निर्दोष सुटला, आणि म्हणता, पोलिसांनी खाल्ले असणार. संशय घ्या आमच्यावर, जरूर घ्या. पण समोर येऊन घ्या. कागद वाचून घ्या. घरात बसून घेतलेल्या संशयाचा चोराला लई उपयोग होतो."

त्यांनी चष्मा काढला.

"आणि आणखी एक. दर वेळी पाहुण्यांत एक माणूस असतो, ज्यानं खरं पाहिलेलं असतं. बॅग उचलणाऱ्याला दिसतं कोण बघतंय ते, तो मला सांगतो. तो बोलत नाही. दहा जण काहीबाही बोलतात त्यानं आग्नेल चोर ठरत नाही हो. तो एक जण गप्प बसतो, त्यानं ठरतो."

जयवंतराव अजून उभेच होते. बसावं हे त्यांना सुचलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्याच टेबलावरच्या फायली आल्या. 'स्वतंत्र साक्षीदार नसल्याने दावा नामंजूर.' ही ओळ त्यांनी किती फायलींवर लिहिली होती! अंधेरीचा रंगारी, पालघरची ती नर्स, पाय गेलेला तो टेम्पोवाला. ते सगळे खोटं बोलतायत असं धरून त्यांनी चोवीस वर्षं काढली. आणि त्या प्रत्येक अपघाताच्या वेळी कुणीतरी हातात मेथी घेऊन उभा असणार! बघून, वळून, घरी गेलेला! अरे, ज्या साक्षीदाराला आपण आयुष्यभर शोधत होतो, तो हा असा असतो तर!

"मी पाहिलं होतं," ते म्हणाले.

"बॅग?"

"बॅगही."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. गेट, मेथी, पांढरी गाडी, खाली झालेली काच, एक-नऊ-सात-एक. सांगताना भूपेश त्यांचा टी-शर्ट मागून ओढत होता, तरी थांबले नाहीत.

दिनानाथांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे मला सांगून उपयोग नाही. मी इथला मास्तर. सोमवारी ठाण्यात जा. आणि लिहिलेलं वाचून मगच सही करा."

जेवणात मेथी नव्हती. कोबी होता.

निघताना जयवंतरावांनी आग्नेलला गाठलं. "मी बघितलं होतं, तुम्ही घेतली नव्हती," ते म्हणाले. "ठाऊक होतं मला," आग्नेल म्हणाला आणि त्यांच्या हातातला जेवणानंतरच्या चहाचा रिकामा कप काढून घेतला. दारातल्या रजिस्टरपाशी थांबून जयवंतरावांनी मोबाईलचा शेवटचा आकडा खोडून बरोबर लिहिला. "चुकला होता का, सर?" निधीनं विचारलं. "चुकवला होता," ते म्हणाले.

रविवारी त्यांनी ग्रुपवर मेसेज टाकला. 'उद्या सकाळी दहाला भागूबाईंच्या अपघाताबद्दल जबाब देण्यास जात आहे. जागेच्या पंचनाम्यासाठी दोन पंच लागतील. कोण येईल?' तासाभरात सव्वीस अंगठे आले. भूपेशनं टाळ्या, हार आणि तिरंगा पाठवला.

सोमवारी ठाण्यात त्यांच्याबरोबर फक्त आशालताबाई होत्या. "तुम्ही पाहिलं नाही असं मीच म्हणाले होते," त्या म्हणाल्या, "तेव्हा तेही लिहून घेतात का ते बघू." पावणेदोन तास दोघं बाकावर बसली. पाणी कोणी विचारलं नाही. मग एका जमादारानं जबाब टाइप केला. जयवंतरावांनी तो तीनदा वाचला. गाडीचा रंग चंदेरी लिहिला होता, तो पांढरा करायला लावला. जमादारानं त्यांच्याकडे जरा रागानंच पाहिलं, पण केला. मग फाईल चाळता चाळता तो म्हणाला, "तुमची वाट बघत होतो आम्ही. बाईनं पहिल्याच दिवशी लिहून दिलंय बघा, दवाखान्यात." आणि त्यानं वाचलं. "'मेथी घेनारे साहेब समोरच उभे होते. नाव नाय म्हाईत. भला मानूस हाय. तो येऊन सांगेल.'"

जयवंतरावांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. आशालताबाईंनी पदराचं टोक पुढे केलं, तेही त्यांनी घेतलं.

तर बंधुभगिनींनो, एवढंच सांगायचं. पाहिलेली गोष्ट आपल्या एकट्याची नसते. ती दाबून ठेवली की ती गुन्हेगाराची होते आणि भोगावी लागते दुसऱ्यालाच. पोलिसांवर विश्वास नसेल तर नसू द्या. विश्वास नाही म्हणूनच जा, बसा, प्रत्येक ओळ वाचा, रंग चुकला तर दुरुस्त करायला लावा. आपण घरी बसून संशय घेतो तेव्हा आपण सावध नसतो, आपण फक्त घरी असतो. सांडोरच्या एका बाईनं नाव माहीत नसलेल्या माणसावर तेवीस दिवस विश्वास ठेवला. तिच्याकडे त्यासाठी टी-शर्ट नव्हता.

त्याच दुपारी गेटवर जागेचा पंचनामा झाला. जयवंतरावांनी जागा दाखवली. भूपेशनं चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून फोटो काढून ग्रुपवर टाकला, 'पथकाचं कार्य'. खाली कोणी आलं नाही.

पंच म्हणून ठाण्याबाहेरच्या टपरीवरचा एरॉल आला आणि त्यानं आपल्या मेहुण्याला आणलं.

"वाचून सही कर," जयवंतराव म्हणाले.

"अंकल, गिऱ्हाईक उभं आहे," एरॉल म्हणाला.

या वर्षातली ही त्याची अकरावी सही होती.